मेमरी बोर्ड लावताना ‘किती के’ हा प्रश्न शेवटी विचारा

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला कळला तसा आधी थोडक्यात मांडतो. घरात ३ जुने कॉम्प्युटर आहेत. झेडएक्स८१ ला मागून १६ के (किलोबाइट) चा रॅम पॅक, म्हणजे जादा मेमरीची डबी, लावलाय, पण टाइप करताना यंत्र जरा हललं की पडदा पांढरा होतो आणि तासाभराचं काम जातं. व्हिक-२० साठी कुणीतरी हाताने बनवलेला १६ के चा बोर्ड मिळालाय. चालू केल्यावर आकडा बरोबर येतो, पण कॅसेटवरचे जुने खेळ चालेनात आणि बेसिक भाषेतला मोठा प्रोग्राम मध्येच विस्कटतो. आणि अमिगा ५०० च्या पोटात ५१२ के चा बोर्ड बसवला तर यंत्र वेगवान होईल का, असं विचारलंय. शेवटी एक ओळ होती: ‘जास्त मेमरी असली तर नुकसान तर काही नाही ना?’

नुकसान होऊ शकतं, आणि तुमच्या व्हिकवर तेच झालंय. आजच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरी म्हणजे नुसता आकडा. ८ च्या जागी १६ घातले, काम झालं. १९८० च्या आसपासच्या यंत्रांत मेमरीला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर शेजारी कोण राहतं यावर सगळं अवलंबून असतं. बोर्ड हातात आला की मी आधी विचारतो, ही मेमरी कुठल्या पत्त्यावर बसणार? मग, तिला वीज कोण देणार? ती किती आहे हे त्यानंतर.

विजेपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही नाही. झेडएक्स८१ चा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा म्हणतात, पण तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवत नाही. मोकळा मोजला तर १२-१३ दाखवतो, यंत्र जोडल्यावर समजा ११ वर येतो. आतल्या ७८०५ या रेग्युलेटर चिपला त्यातून ५ व्होल्ट काढायचे असतात. उरलेले ६ तो उष्णता म्हणून बाहेर टाकतो. यंत्र ०.४ अँपिअर घेत असेल तर २.४ वॉट, आणि बोर्डाने आणखी ०.२ मागितले की ३.६ वॉट. ही उष्णता जाते कीबोर्डखालच्या एका पत्र्याच्या पट्टीत. म्हणून पॅक लावल्यावर अर्ध्या तासाने यंत्र वेड्यासारखं वागायला लागलं, तर आधी उजव्या-डाव्या बाजूला हात लावून बघा कुठे चटका बसतोय. कमोडोर ६४ च्या मूळ ठोकळ्यासारख्या अ‍ॅडॉप्टरची तऱ्हा उलटी आहे. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर थकला की व्होल्टेज वाढतं, आणि पहिला बळी मेमरी चिपचा जातो. ५.२५ च्या वर आकडा दिसला की तो अ‍ॅडॉप्टर मी बाजूला ठेवतो, मग बाहेरून कितीही नवाकोरा दिसो. स्पेक्ट्रमवाल्यांनी (सिंक्लेअर कंपनीचं झेडएक्स८१ नंतरचं यंत्र) आणखी एक लक्षात ठेवायचं: त्याच्या पिनेत मध्ये ऋण आणि बाहेर धन असतं, हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या बरोबर उलट.

आता तुमचा झेडएक्स८१. १९८१ चं सिंक्लेअरचं हे यंत्र, आत फक्त १ के. १६ के चा पॅक मागच्या कडेवर बसतो, आणि बसल्यावर एका सिग्नलने आतल्या १ के ला गप्प करतो. त्यामुळे बेरीज १७ होत नाही, १६ च राहते. कनेक्टर म्हणजे बोर्डाची उघडी कड, दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, आणि पॅकला दुसरा कसलाच आधार नाही. कीबोर्डवर बोट दाबलं की यंत्र पुढे झुकतं, पॅक मागे लोंबतो, आणि एखादी पट्टी क्षणभर सुटते. झेड८०, म्हणजे यातला प्रोसेसर, दर सेकंदाला लाखो वेळा मेमरीतून वाचत असतो. एक बाइट चुकीचा आला की तो भलत्याच सूचना चालवायला लागतो. म्हणून पडदा पांढरा. हे त्या काळापासून इतकं ठरलेलं दुखणं आहे की जगभर लोकांनी पॅकखाली पुठ्ठे, चिकट गोळे आणि वेल्क्रो लावून दिवस काढलेत.

उपाय सोपा आहे, पण क्रमाने करा. यंत्र बंद, अ‍ॅडॉप्टर भिंतीतून बाहेर. कड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेल्या कापडाने पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. सँडपेपर नको, शाईचं खरखरीत खोडरबरही नको. वरचा थर सोन्याचा असो की कथलाचा, तो पातळ असतो, एकदा गेला की खालचं तांबं महिन्याभरात पुन्हा काळं पडतं. मग पॅकच्या कनेक्टरमध्ये टॉर्च मारून बघा. स्प्रिंगच्या जिभा एका रांगेत दिसायला हव्यात. एखादी खाली बसलेली असेल तर शिवणकामाच्या सुईने हलकेच वर उचला. शेवटी पॅकखाली यंत्राच्याच उंचीची एखादी पट्टी ठेवा, आणि यंत्र व पट्टी दोन्ही एकाच लाकडी फळीवर वेल्क्रोने पक्की करा. मी असंच ठेवलंय. दिसायला काही खास नाही, पण मांजर चालून गेलं तरी प्रोग्राम जागेवर असतो. काही जण मध्ये रिबन केबल टाकतात. मला ते आवडत नाही. वीतभर केबलने सिग्नल इतका मळतो की एक रोग जाऊन दुसरा येतो.

एक बारकी गोष्ट: या कडेवर दर बाजूला २३ जागा असतात आणि तिसऱ्या जागी खाच असते. कनेक्टरमध्ये त्या खाचेत बसणारी प्लॅस्टिकची चकती हवी. हाताने बनवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या पॅकमध्ये ती कधीकधी पडलेली असते. मग पॅक एक घर सरकून बसतो आणि ९ व्होल्ट भलत्याच पायावर जातात. स्पेक्ट्रमवर २८ जागा आणि खाच पाचव्या ठिकाणी. म्हणजे एकाचा पॅक दुसऱ्याला घुसवून बघायची हौस नको.

आणि चालू असताना काही लावायचं-काढायचं नाही, कधीच नाही. हे मी शिकवतोय तसं मी स्वतः शिकलेलो नाही. एका संध्याकाळी स्पेक्ट्रमवर जॉयस्टिकचा इंटरफेस ‘फक्त एका सेकंदासाठी’ काढून घातला. आवाज नाही, धूर नाही. पडद्यावर चट्टेपट्टे आले आणि तसेच राहिले. आत एक छोटा कन्व्हर्टर असतो, जो ४११६ या मेमरी चिपसाठी १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतो. त्यातला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर गेला होता. तो बदलायला १० मिनिटं लागली. पण दरम्यान उणे ५ नाहीसे झाल्यामुळे ८ पैकी ३ मेमरी चिपही गेल्या होत्या, आणि त्या शोधून काढायला दोन रविवार गेले. ४११६ ला +१२, +५ आणि उणे ५ अशी तीन व्होल्टेज लागतात, आणि उणे ५ नसताना १२ मिळत राहिले तर ती चिप फार काळ टिकत नाही.

इथेच एक सापळा सांगून ठेवतो, कारण चिप बदलताना लोक हमखास त्यात पाय घालतात. ४११६ आणि ४१६४ या मेमरी चिप दोन्ही १६ पायांच्या, दिसायला जुळ्या. पण ४११६ च्या पाय १ वर उणे ५, ८ वर १२ आणि ९ वर ५ व्होल्ट येतात. ४१६४ ला एकच ५ व्होल्ट लागतं, तेही पाय ८ वर. म्हणजे ४११६ च्या सॉकेटमध्ये ४१६४ तशीच बसवली की तिच्या ५ व्होल्टच्या पायावर थेट १२ जातात. बदल करून बसवता येते, लोक बसवतात, पण आधी ते तीन पाय वेगळे वायर करावे लागतात.

स्पेक्ट्रमचं निघालंच आहे तर १६ के चा ४८ के करणाऱ्यांसाठी दोन ओळी. इश्यू २ (बोर्डाची दुसरी आवृत्ती) पासूनच्या बोर्डांवर वरच्या ३२ के साठी रिकामी सॉकेटं असतात. कंपनीने तिथे वापरलेल्या ४५३२ चिप म्हणजे मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या. चांगला अर्धा कोणता, वरचा की खालचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरवायचं. नापास मालातून ३२ के उभं करण्याची ही युक्ती मला अजूनही आवडते. आज तिथे पूर्ण चांगली ४१६४ लावलीत तर जोडणी कुठल्याही बाजूला असली तरी चालते. फक्त रिफ्रेश बघा. डायनॅमिक रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळकी घागर. ठरावीक वेळात पुन्हा भरली नाही तर रिकामी. झेड८० हे काम स्वतः करतो, प्रत्येक सूचना वाचताना एकेका ओळीचा पत्ता बाहेर टाकतो, पण त्याची मोजणी ७ बिटांची असते, म्हणजे १२८ ओळी. २ मिलिसेकंदांत १२८ ओळी मागणारी ४१६४ त्याच्याबरोबर सुखाने नांदते. काही कंपन्यांची ४१६४ मात्र २५६ ओळी मागते, आणि ती इथे अर्धी उपाशी राहते. गंमत म्हणजे ती लगेच बिघडत नाही. गार खोलीत बरीच मिनिटं बरी चालते, यंत्र तापलं की आठवण विसरते. डेटाशीट काढून ओळी मोजा, मगच चिप घ्या.

आता नव्याने बोर्ड बनवणाऱ्या कुणालाही माझा सल्ला एकच: स्टॅटिक रॅम वापरा. ६२२५६ ही एकच चिप, ३२ के बाइट, ५ व्होल्ट, रिफ्रेशची कटकट नाही. ८ डायनॅमिक चिप आणि त्यांच्या कन्व्हर्टरच्या तुलनेत ती वीज इतकी कमी घेते की वरचं ७८०५ चं गणितच सुटतं. मूळ पॅकचं मोल मला कळतं, तो कपाटात जपून ठेवावा. रोज वापरायला मात्र आत एकच चिप असलेला पॅक.

व्हिक-२० कडे वळू. खरा मजा इथे आहे.

नुसत्या व्हिकमध्ये ५ के असतात आणि चालू केल्यावर तो ३५८३ बाइट मोकळे असल्याचं सांगतो. बेसिक ४०९६ या पत्त्यापासून सुरू होतं आणि पडद्याची मेमरी ७६८० वर असते. मधली जागा ३५८४, त्यातला एक बाइट बेसिकला हवा, म्हणून ३५८३. आता तुम्ही ८ के किंवा त्याहून जास्त लावलेत. नवी मेमरी ८१९२ पासून वर बसते. बेसिकला सलग जागा हवी असते, पण मध्ये ७६८० ला पडदा आडवा पडलाय. पडदा वर नव्या मेमरीत नेता येत नाही, कारण चित्र काढणाऱ्या व्हिक चिपला बोर्डावरची मेमरी दिसतच नाही, तिला फक्त आतली दिसते. म्हणून रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा भरलेला प्रोग्राम, पडदाच उचलून खाली ४०९६ वर नेतो आणि बेसिक ४६०८ पासून सुरू करतो. रंगाची मेमरीसुद्धा ३८४०० वरून ३७८८८ वर सरकते.

तुमचे जुने खेळ ज्यांनी लिहिले त्यांनी पडद्यावर अक्षर टाकायला थेट ७६८० वर पोक केलंय, म्हणजे त्या पत्त्यावर आकडा लिहिलाय. तुमच्या यंत्रात तिथे आता पडदा नाही, बेसिकचा प्रोग्राम आहे. खेळ स्वतःच्याच अंगावर गोळ्या झाडतोय. मेमरी जास्त असल्यामुळे नुकसान होतं ते असं. बोर्डावर ब्लॉक बंद करायची छोटी बटणं असतील तर खेळ चालवताना सगळी बंद ठेवा, ३५८३ चा आकडा आला की लोड करा. बटणं नसतील तर बोर्ड काढा, अर्थात यंत्र बंद करून.

बाजारात ३ के चा बोर्डही होता. तो १०२४ ते ४०९५ या पोकळीत बसतो, बेसिकच्या बरोबर खालच्या अंगाला चिकटून, त्यामुळे पडदा हलवावा लागत नाही. आकडा येतो ६६५५. पण ३ के आणि ८ के दोन्ही एकदम लावले तर? आकडा ११७७५, म्हणजे नुसत्या ८ के ला येतो तोच. ३ के कुठे गेले? आहेत तिथेच, पण आता त्यांच्या आणि बेसिकच्या मध्ये पडदा आलाय, म्हणून बेसिक त्यांना मोजत नाही. मशीन कोड ठेवायला ती जागा उत्तम. ४०९६० वरचा ब्लॉकही तसाच, बेसिकच्या हिशेबाबाहेर. तिथे मुळात कार्ट्रिज बसायचं. तेव्हा ‘३५ के चा बोर्ड लावला, पण २८१५९ च दिसतात, बोर्ड खराब आहे’ अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांना मी हा नकाशा कागदावर काढून देतो.

तुमच्या बोर्डाचा आकडा १९९६७ येतो असं तुम्ही लिहिलंय. १६ के ला तोच यायला हवा. आणि तरी मोठा प्रोग्राम विस्कटतो. ऐका, हे माझ्याबरोबर झालंय.

मी असाच एक बोर्ड बनवला होता, ६२२५६ वापरून. व्हिकच्या कनेक्टरवर ८-८ के च्या ब्लॉकसाठी वेगळे सिग्नल येतात; पहिला ब्लॉक ८१९२ ते १६३८३, दुसरा १६३८४ ते २४५७५. आत चिप एकच, म्हणून कुठला ब्लॉक मागितला जातोय हे चिपच्या ए१३ या पायाला सांगावं लागतं. चालू केलं, १९९६७. खूश. एक यादीचा प्रोग्राम टाइप करत गेलो. ठरावीक लांबीपुढे गेला की वरच्या ओळींत कचरा दिसायला लागे. ८५ आणि १७० लिहून वाचणारा छोटा चाचणी प्रोग्राम चालवला; हजारो बाइट, एकही चूक नाही. मग रात्री झोपताना लक्षात आलं. सकाळी दोन ओळी टाइप केल्या (पीक म्हणजे त्या पत्त्यावर काय आहे ते वाचणं):

पोक २००००,७
प्रिंट पीक(११८०८)

उत्तर आलं ७. मी ११८०८ ला हात लावलेला नव्हता. २०००० वजा ८१९२ म्हणजे ११८०८. दोन्ही ब्लॉक चिपच्या एकाच ८ के वर पडत होते. भिंगाखाली पाहिलं तर ए१३ चा पाय सोल्डरमध्ये बसलेला दिसत होता, चकचकीत, पण भोवती केसाएवढी काळी गोल रेघ. ड्राय सोल्डर. पाय बोर्डाला लागलेलाच नव्हता आणि हवेत लोंबत एकाच बाजूला झुकला होता. सोल्डरिंग आयर्न लावून दोन सेकंद नवं सोल्डर वितळवलं, विषय संपला.

व्हिकला हे का कळलं नाही? कारण त्याचा रॉम चालू होताना प्रत्येक बाइटमध्ये काही लिहितो, लगेच वाचतो, जुनं परत ठेवतो आणि पुढे जातो. आरशासमोर बसून दोन माणसं मोजल्यासारखं. माझ्या ८५-१७० च्या चाचणीनेही तेच केलं. सिंक्लेअरचा रॉम या बाबतीत हुशार. झेडएक्स८१ आधी सगळीकडे वरपासून खालपर्यंत २ भरत येतो, मग खालून वर जाताना प्रत्येक ठिकाणी दोनदा १ वजा करतो. दुसऱ्या वेळी शून्य आलं तर ठीक. प्रतिबिंब असेल तर तिथे आधीच शून्य होऊन बसलेलं असतं, हिशेब जुळत नाही आणि मोजणी तिथेच थांबते. चाचणी लिहायचीच असेल तर अशी लिहा: आधी सगळ्या मेमरीत पत्त्यावरून बनलेला आकडा भरून घ्या, आणि पूर्ण भरून झाल्यावरच वाचायला सुरुवात करा. भरताना पत्त्याचा खालचा आणि वरचा बाइट मिळवून २५६ ने भागल्यावरची बाकी घेतली तरी बहुतेक चोर सापडतात. वाचायच्या आधी पाचएक मिनिटं थांबलात तर डायनॅमिक रॅमच्या गळक्या घागरीही उघड्या पडतात.

झेडएक्स८१ वर किती मेमरी दिसतेय हे बघायचं तर: प्रिंट पीक १६३८८+२५६*पीक १६३८९. १६ के ला ३२७६८, नुसत्या १ के ला १७४०८. हा रॉम ३२७६७ च्या वर बघतच नाही. म्हणजे ३२ के चा पॅक लावलात तरी तो १६ च मोजतो. पोक १६३८८,० आणि पोक १६३८९,१९२ करून न्यू ही आज्ञा द्यायची, मग ४९१५२ पर्यंतची जागा त्याच्या पदरात पडते. त्या वरच्या भागात बेसिक आणि डेटा राहतो, पण साध्या पॅकवर मशीन कोड तिथून चालत नाही, कारण ३२७६८ च्या वरून सूचना वाचणं हीच या यंत्राची चित्र काढायची युक्ती आहे. स्पेक्ट्रमवर तोच प्रश्न प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३ असा विचारायचा. ४८ के ला ६५५३५, १६ के ला ३२७६७.

पत्त्याच्या नकाशाबाहेरची मेमरीही असते, ती झटकन सांगतो. अ‍ॅपल टू चं १६ के चं लँग्वेज कार्ड रॉमच्याच पत्त्यांखाली लपतं आणि कधी रॉम, कधी रॅम असं आळीपाळीने दिसतं. ते लावताना मदरबोर्डवरची एक रॅम चिप काढून कार्डावर बसवायची आणि तिच्या रिकाम्या जागेत कार्डाची रिबन लावायची, हे ज्याला माहीत नाही तो ती चिप आणि केबल बघून गोंधळतो. कमोडोर ६४ चं ५१२ के चं १७५० युनिट तर नकाशात येतच नाही. ३८९११ चा आकडा तसाच राहतो. युनिट स्वतः डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, बाइट आत-बाहेर करतं, साधारण सेकंदाला १० लाख बाइट. त्याचा वापर करणारं सॉफ्टवेअर नसेल तर ते नुसतं शोभेचं.

अमिगा ५००. याचं उत्तर दोन भागांत आहे, आणि पहिला भाग बॅटरी.

पोटाखालच्या दरवाजात बसणारा ५१२ के चा बोर्ड, मूळ ए५०१ किंवा त्याच्या नकला, बहुतेकांवर घड्याळासाठी एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तुम्ही जुना बोर्ड घेताय म्हणजे ती बॅटरी कधीतरी गळलीच आहे असं धरून चाला. माझ्याकडे आलेल्या एका बोर्डावर पत्र्याचं झाकण जागेवर होतं, वरून सगळं स्वच्छ. झाकणाचे कान सरळ करून उचललं तर बॅटरीच्या पायाशी निळसर-हिरवी बुरशीसारखी साय, आणि तिथून ट्रॅक काळे पडत थेट घड्याळाच्या चिपपर्यंत गेलेले. नखाने खरवडलं तर एक ट्रॅक पापुद्र्यासारखा निघून आला. गळालेलं द्रव अल्कली असतं, म्हणून आधी बॅटरी कापून काढायची, मग व्हिनेगर कापसाला लावून फेस थांबेपर्यंत टिपायचं, मग पाणी, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्यावर प्रत्येक संशयित ट्रॅक मल्टिमीटरने वाजवून बघायचा. तुटलेल्यावर बारीक इनॅमल वायर. बॅटरी परत लावू नका. घड्याळ चुकलं तर चुकू दे. नाणंवाली लिथियम बॅटरी लावायचीच तर मध्ये डायोड हवा, कारण हे सर्किट बॅटरीला चार्ज करतं आणि लिथियम नाणं चार्ज करायची वस्तू नाही. दरवाजाच्या आत मदरबोर्डवरच्या कनेक्टरच्या पिनाही बघा. वाफ तिथपर्यंत पोचते.

दुसरा भाग, वेग. नाही, या बोर्डाने यंत्र वेगवान होत नाही. अमिगात चित्र, आवाज आणि फ्लॉपी सांभाळणाऱ्या चिप ज्या मेमरीतून वाचतात ती चिप रॅम. दरवाजातली मेमरी सर्वसाधारण यंत्रावर त्या चिपना वापरता येत नाही, तरीही बसलेली असते त्यांच्याच रस्त्यावर. हाय-रेझोल्यूशनमध्ये १६ रंग लावलेत की चित्र काढायच्या वेळात रस्ता पूर्ण अडतो आणि ६८००० या प्रोसेसरला तिथेही थांबावं लागतं. दोन्हीकडचे तोटे एकत्र, म्हणून हिला स्लो रॅम म्हणतात. तरी घ्या, कारण १ एमबी मागणारे प्रोग्राम आणि खेळ पुष्कळ आहेत. खरी फास्ट रॅम डाव्या बाजूच्या कनेक्टरवर लागते, तिथे प्रोसेसरचा स्वतःचा रस्ता असतो. ए५९० हार्ड डिस्कच्या डब्यात २ एमबीपर्यंत तशी मेमरी बसते. तुमच्या मदरबोर्डवर चिप रॅमचा कारभार बघणारी अ‍ॅग्नस चिप नवी, ८३७२ए, असेल तर दरवाजातल्या ५१२ के ची चिप रॅम करता येते, पण त्यासाठी मदरबोर्डवर एक जोड तोडून दुसरी जोडावी लागते, आणि बोर्डाच्या रिव्हिजनप्रमाणे ती जागा बदलते. मदरबोर्डवर छापलेला रिव्हिजनचा आकडा वाचल्याशिवाय कटर हातात घेऊ नका.

काही जुने खेळ १ एमबी बघून अडखळतात. म्हणून अनेक नकली बोर्डांवर मेमरी बंद करायचं बटण असे. तसं बटण असलेला बोर्ड मिळाला तर तोच घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा: आज रात्री झेडएक्स८१ ची कड पुसून फळी लावा. व्हिकवर बोर्ड लावून ते २०००० आणि ११८०८ चं करून बघा, पण आधी पीक(११८०८) ने तिथे काय आहे ते टिपून ठेवा, नाहीतर योगायोगाने ७ असेल आणि आपण दोघं फसू. ७ आला तर बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, सोल्डरच्या बाजूचा जरा तिरप्या उजेडात काढलेला.